मास्क निर्जंतुक झाला, पण गाळतो का? तीन शोधनिबंधांचं वाचन

गोष्ट एप्रिल २०२०ची आहे. मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि लॉकडाऊनमुळे बोईसरला घरी अडकले होते. माझी मावशी पालघर जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात कंत्राटी नर्स. तिला महिन्याला दोन एन-९५ मास्क मिळायचे. तिने फोन करून विचारलं, "अगं, तू केमिस्ट्री शिकतेस ना? हा मास्क धुवू की उन्हात टाकू? की स्पिरिट मारू?"

त्याच्या आदल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर एका शोधनिबंधातली एक आकृती फिरत फिरत माझ्याकडे आली होती. चार पद्धती, चार आलेख. स्पिरिटचा, म्हणजे एथेनॉलचा आलेख धाडकन खाली आलेला. विषाणू लगेच मेला, असा त्याचा अर्थ. मी मावशीला ठणकावून सांगितलं, "स्पिरिट मार. रिसर्च आहे तसा."

तिने पंधरा दिवस ते केलं. मग मी मूळ निबंध उघडला. त्याच्या गोषवाऱ्यातच लिहिलं होतं की एथेनॉल वापरू नये, कारण मास्क निकामी होतो. मी पाहिली ती आकृती खरी होती. मी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.

तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, तर 'लिटरेचर रिव्ह्यू' हा शब्द रोज ऐकत असाल. तो कसा करायचा नाही, याचा माझ्याकडे हा नमुना आहे. म्हणून या वेळी त्याच विषयावरचे तीन निबंध घेते आणि त्यांची चिकित्सा करून दाखवते. तिन्ही २०२०चे आहेत, घाईच्या काळातले आहेत आणि तिन्ही प्रामाणिक आहेत. तरी एकच निबंध हातात धरून कुणाला सल्ला दिलात, तर तो चुकू शकतो.

आधी मास्क समजून घेऊ

एन-९५चा मधला थर हा मेल्टब्लोन पॉलिप्रॉपिलीनचा असतो. वितळलेलं प्लॅस्टिक गरम हवेच्या झोताने उडवून बनवलेल्या अतिशय बारीक तंतूंची जाळी. ही जाळी चाळणीसारखी चालते असं आपल्याला वाटतं, पण ते अर्धसत्य आहे. चाळणीत भोकापेक्षा मोठा कण अडकतो. इथे तंतूंमधली अंतरं कणांपेक्षा बरीच मोठी असतात. तरी कण अडकतात, कारण मोठे कण वळणावर हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि तंतूवर आपटतात. अगदी छोटे कण इकडेतिकडे भरकटत तंतूला चिकटतात. मधले, साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण दोन्ही युक्त्यांतून निसटतात. म्हणून चाचणी त्याच आकाराला लावली जाते. ९५ म्हणजे असे किमान ९५ टक्के कण अडले पाहिजेत.

या मधल्या कणांना पकडायला कारखान्यात तंतूंवर कायमचा विद्युतभार बसवतात. अशा तंतूंना इलेक्ट्रेट म्हणतात. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तसंच. फरक इतकाच की हा भार महिनोन्‌महिने टिकतो. हा भार असल्यामुळेच जाळी विरळ ठेवता येते आणि माणसाला श्वास घेता येतो.

आता प्रश्न असा. मास्क 'स्वच्छ' करताना आपण विषाणूवर हल्ला करतो, पण त्याच वेळी या भारावरही करतो. म्हणून पुनर्वापराच्या कुठल्याही पद्धतीने तीन परीक्षा पास व्हायला हव्यात. विषाणू मेला का? गाळण टिकली का? मास्क चेहऱ्याला पूर्वीसारखा घट्ट बसतो का? तीनपैकी दोनमध्ये शंभर मार्क आणि एकात शून्य, तर निकाल नापासच.

हे तीन प्रश्न वहीच्या समासात लिहून ठेवा. आता निबंधांकडे.

पहिला निबंध: गाळण मोजली, विषाणू नाही

लिआओ आणि सहकाऱ्यांचा निबंध 'एसीएस नॅनो'मध्ये २०२० साली आला. लेखकांत स्टीव्हन चू आहेत, ज्यांना १९९७ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. शीर्षकातच प्रश्न आहे: निर्जंतुक केल्यावर एन-९५ पुन्हा वापरता येतील का, आणि किती वेळा?

मला हा निबंध तिघांत सगळ्यात नेटका वाटतो. त्यांनी मेल्टब्लोन कापडाचे तुकडे घेतले, त्यांच्यावर गरम हवा, वाफ, अतिनील किरणं, अल्कोहोल आणि क्लोरीन असे वेगवेगळे प्रयोग केले आणि प्रत्येक वेळी गाळण मोजली. ७५ टक्के एथेनॉलमध्ये बुडवून वाळवलेल्या कापडाची गाळण सुमारे ९६ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर आली. क्लोरीनच्या द्रावणाने ती ७३च्या आसपास आली. उलट ८५ अंश सेल्सिअस आणि ३० टक्के आर्द्रतेत कोरड्या उष्णतेच्या ५० फेऱ्या झाल्या, तरी फारसा फरक पडला नाही. वाफेने पहिल्या काही फेऱ्यांत निभावलं, मग गाळण घसरत गेली.

तक्त्यातला अजून एक रकाना बघा. बहुतेक जण तो सोडून देतात. तो आहे दाबफरकाचा, म्हणजे श्वास घ्यायला किती जोर लागतो त्याचा. एथेनॉलनंतर तो जवळपास तसाच राहिला. याचा अर्थ असा की स्पिरिट मारलेला मास्क घालणाऱ्याला काहीच वेगळं जाणवत नाही. दिसायला तोच, श्वासाला तोच, फक्त कण आत सोडतो. मावशीला पंधरा दिवसांत काही जाणवलं नाही, त्याचं कारण हे.

आता चिकित्सा. या निबंधात कोविडचा विषाणू मारून पाहिलेला नाही. ८५ अंशांवर तो मरतो, हे दुसऱ्यांच्या कामावरून गृहीत धरलंय. बरेचसे आकडे कापडाच्या तुकड्यांचे आहेत. चेहऱ्यावर बसलेल्या, पट्ट्या ताणल्या गेलेल्या, घामाने भिजलेल्या मास्कचे नाहीत. म्हणजे आपल्या तीन प्रश्नांपैकी दुसऱ्याचं उत्तर उत्तम आहे, पहिल्याचं उसनं आहे आणि तिसऱ्याचं कापडाच्या तुकड्यावरून मिळूच शकत नाही. याला मी दोष म्हणणार नाही. निबंधाची हद्द म्हणेन. हद्द लेखक आखतो, ती ओलांडतो वाचक.

आणि एक स्थानिक शंका. प्रयोगातली आर्द्रता ३० टक्के होती. बोईसरला जूनच्या मध्यावर पाऊस लागला की दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओलसर राहतात. ओव्हनच्या आत आर्द्रता किती, हे घरात कोण मोजणार? निबंधातली कोरडी उष्णता म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली वाफाळलेली उष्णता नव्हे. पद्धतीचं नाव सारखं असलं, म्हणजे पद्धत सारखी होत नाही.

दुसरा निबंध: विषाणूही मोजला, तरी मी चुकले

हाच तो, माझ्या व्हॉट्सॲपवरचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या मोंटानातल्या रॉकी माउंटन प्रयोगशाळेतल्या फिशर आणि सहकाऱ्यांचा. एप्रिल २०२०मध्ये तो प्रीप्रिंट म्हणून आला, नंतर 'इमर्जिंग इन्फेक्शस डिसीझेस'मध्ये छापला गेला. यांनी खरा सार्स-कोव्ह-२ विषाणू मास्कच्या कापडावर टाकला आणि चार पद्धती लावल्या: अतिनील किरणं, ७० अंशांची कोरडी उष्णता, ७० टक्के एथेनॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ. मग वेगळ्या मास्कांवर घालणं आणि निर्जंतुक करणं अशा तीन फेऱ्या केल्या आणि चेहऱ्यावर मास्क किती काम करतो ते मोजलं.

विषाणू मारण्यात एथेनॉल आणि पेरॉक्साइड पुढे. पण दुसऱ्या फेरीपासून एथेनॉलचे मास्क जोरात घसरले, उष्णतेचे त्याहून कमी. एकूण निकाल पेरॉक्साइडच्या बाजूने. मी पहिली आकृती पाहिली आणि थांबले. उत्तर दुसऱ्या आकृतीत होतं.

इथे एक छान कोडं आहे, जर्नल क्लबमध्ये घ्यायला चांगलं. लिआओ म्हणतात, एथेनॉलने एकाच वेळेत गाळण ५६ टक्क्यांवर आली. फिशर म्हणतात, एका फेरीनंतर कुठल्याच पद्धतीत मोठी घट नाही, पुढच्या फेऱ्यांत आली. मग खोटं कोण?

कुणीच नाही. दोघांनी मोजलेली वस्तू वेगळी आहे. लिआओंनी यंत्रात कापड लावून कण किती अडले ते मोजलं. फिशरांनी चेहऱ्यावरच्या मास्कच्या बाहेर किती कण आणि आत किती, त्यांचं गुणोत्तर घेतलं. या गुणोत्तरात गाळणही येते आणि कडेची फटही येते. शिवाय एथेनॉलचं प्रमाण वेगळं, कापड वेगळं, मास्क वेगळा. दोन निबंध भांडताना दिसले, तर आधी त्यांचं 'मटेरियल अँड मेथड्स' शेजारी शेजारी ठेवून वाचा. दहापैकी आठ भांडणं तिथेच मिटतात. उरलेली दोन म्हणजे तुमच्या पीएचडीचा विषय.

या निबंधावर माझा आक्षेप एकच. पेरॉक्साइडची वाफ बनवायला यंत्र लागतं, बंद खोली लागते, वास पूर्ण उडून जाईपर्यंत थांबावं लागतं. अमेरिकेत बॅटेल या संस्थेच्या यंत्रणेला मार्च २०२०च्या अखेरीस आपत्कालीन परवानगी मिळाली होती, ती मोठमोठ्या कंटेनरवजा यंत्रणेसाठी. तालुक्याच्या दवाखान्याने हा निकाल वाचून काय करावं? निबंध 'सर्वोत्तम' सांगतो. गरज होती 'जे आहे त्यातलं बरं' सांगण्याची. अर्थात ते सांगणं त्यांचं काम होतं का, यावर वाद घालता येईल.

तिसरा निबंध: पास झालेला नापास मास्क

आता तारापूरकडे येऊ. आमच्याकडे अणुऊर्जा केंद्र १९६९पासून आहे. बोईसरच्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी 'टॅप्स'मध्ये किंवा एमआयडीसीत. त्यामुळे त्या दिवसांत शेजारच्या काकांनी मला अगदी सहज विचारलं होतं, "आपल्याकडे एवढं अणुशक्तीचं आहे, किरणं मारून मास्क शुद्ध करून देत नाहीत का?"

प्रश्न हसण्यासारखा नाही. वीज बनवणारं केंद्र आणि निर्जंतुकीकरणाचं केंद्र या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच. पण गॅमा किरणांनी वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करणं ही आपल्याकडची जुनी, चांगली चालणारी पद्धत आहे. ट्रॉम्बेचं आयसोमेड केंद्र १९७४पासून कोबाल्ट-६० वापरून हेच काम करतं. नेहमीचा डोस साधारण २५ किलोग्रे. खोकं न उघडता आरपार निर्जंतुक. मग मास्क का नाही?

एमआयटी आणि बोस्टनमधल्या रुग्णालयांशी संबंधित क्रेमर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. २०२०च्या वसंतात त्यांनी एन-९५ मास्कांना कोबाल्ट-६०चे ५० किलोग्रेपर्यंत डोस दिले. मग आधी फिट टेस्ट केली. ही चाचणी साधी असते. डोक्यावर टोपडं घालतात, आत सॅकरिनसारख्या चवीचा फवारा मारतात. चव लागली तर मास्क गळका. किरणं दिलेले मास्क ही चाचणी पास झाले.

इथे थांबले असते, तर बातमी झाली असती: गॅमाने मास्क पुन्हा वापरता येतात. पण ते थांबले नाहीत. त्यांनी ०.३ मायक्रॉनच्या कणांची गाळणही मोजली. ती बरीच घसरलेली होती. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या: फिट टेस्ट पास, गाळण कमी.

असं का? फवाऱ्याचे थेंब काही मायक्रॉनचे, म्हणजे मोठे असतात. ते आपटूनच अडतात, त्यांना विद्युतभाराची गरज नाही. किरणांनी भार गेला, तरी चव लागत नाही. ती चाचणी कडेच्या फटी शोधायला बनवली आहे, गाळण तपासायला नाही. त्यात पॉलिप्रॉपिलीन हे गॅमाला नाजूक असणारं प्लॅस्टिक, हे पॉलिमरवाल्यांना आधीपासून माहीत होतं. पुढे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निकाल पाहून जाहीर केलं की किरणोत्साराने इतर संरक्षक साहित्य निर्जंतुक करता येतं, पण श्वसनाचे मास्क नाही.

चिकित्सा म्हणाल, तर या निबंधात मास्कांची संख्या थोडी आहे. पण इथे मला ती खटकत नाही. का, ते समजून घ्या. 'ही पद्धत सुरक्षित आहे' असं म्हणायला खूप नमुने लागतात. 'ही पद्धत धोकादायक आहे' असं म्हणायला, परिणाम मोठा असेल आणि कारण समजत असेल, तर थोडे पुरतात. नमुना किती हवा, हे दाव्यावर ठरतं. मुलाखतीत 'सॅम्पल साइझ कमी आहे' हे वाक्य फेकून मार्क मिळतील असं समजू नका. कशासाठी कमी, ते सांगता आलं पाहिजे.

आणि जे निबंधात नव्हतं

या तिन्ही निबंधांच्या बाहेर, ३१ मार्च २०२०च्या सुमारास केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरगुती मास्कची पुस्तिका काढली. साबण आणि कोमट पाण्याने धुवा, कडक उन्हात किमान ५ तास वाळवा. ऊन नसेल तर कुकरमध्ये किमान १० मिनिटं उकळा. सुती मास्कसाठी हा सल्ला उत्तम होता. सोपा होता, घरात जे आहे त्यात बसणारा होता. पण लोकांच्या तोंडी 'मास्क' हा एकच शब्द. सुती मास्कचा नियम एन-९५ला लागला. आमच्या आळीत दोरीवर, सातपाटीला बांबूवर बोंबील वाळत घालतात तसे, धुतलेले एन-९५ लटकत होते. पुस्तिका चुकीची नव्हती. तिची हद्द वाटेत गळून पडली.

एमआयडीसीतल्या कामगारांचं अजून वेगळं. एन-९५मधला 'एन' म्हणजे तेलकट कणांपुढे न टिकणारा. तेलाच्या तुषारात काम करताना हा मास्क मुळात चालत नाही. आणि रसायनाची वाफ तर कुठलाच कणगाळणी मास्क अडवत नाही, त्याला कोळशाचं कार्ट्रिज लागतं. तारापूरच्या रंग-रसायनाच्या शेडमध्ये वापरलेला मास्क 'उन्हात टाकून' परत घालणं, हा वरच्या तिन्ही निबंधांनी विचारलेलाच नाही असा प्रश्न आहे. तिथे विषाणू हा मुद्दा दुय्यम. कुणी यावर काम करणार असेल, तर विषय मोकळा पडलाय.

मग मावशीला काय सांगितलं?

मी फोन केला. म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. स्पिरिट बंद कर." ती म्हणाली, "बरं. मग काय करू ते सांग. चूक कुणाची ते नंतर बघू."

तेव्हा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा एक सल्ला होता: पाच मास्क, रोज एक, कागदी पिशवीत ठेवायचा आणि पाच दिवसांनी परत वापरायचा. काही करायचं नाही, फक्त थांबायचं. याचा आधार असा की विषाणू पृष्ठभागावर काळानुसार मरतो. मार्च २०२०च्या एका गाजलेल्या अभ्यासात प्लॅस्टिकवर तो ७२ तासांपर्यंत सापडला होता. तो अभ्यास २१ ते २३ अंश आणि ४० टक्के आर्द्रतेत झालेला. पालघरची हवा तशी नाही. हे मी तिला सांगितलं. पण या पद्धतीत भार जात नाही, आकार बिघडत नाही, खर्च कागदी पिशवीचा. आणि पाच दिवसांत ७२ तासांवर बरीच जागा सुटते.

"पण माझ्याकडे दोनच आहेत," मावशी म्हणाली.

या वाक्यावर माझ्याकडे कुठलाच निबंध नव्हता. आम्ही मिळून ठरवलं की ती दोघी सहकाऱ्यांबरोबर पाळ्या अशा मागेल की संशयित रुग्णांजवळचं काम सलग दिवसांवर येणार नाही, त्या कामालाच एन-९५ घालेल आणि बाकी वेळ साधा सर्जिकल. पाळी मिळाली. स्पिरिट मारलेले दोन्ही मास्क तिने फेकले. पुढच्या महिन्याचे दोन येईपर्यंतचे नऊ दिवस तिने सर्जिकलवर काढले.

मावशीला त्या लाटेत काही झालं नाही. नातेवाइकांत अजून कुणी तरी म्हणतं, "बघ, स्पिरिट मारूनही काही झालं नाही ना?" मी दर वेळी सांगते की एका माणसाला काही झालं नाही, यावरून मास्क चांगला होता हे सिद्ध होत नाही. ती नशीबवान होती इतकंच कळतं.

जून २०२१मध्ये अमेरिकेने मास्क निर्जंतुक करण्याच्या आपत्कालीन परवानग्या मागे घेतल्या. नवे मास्क पुरेसे मिळू लागले होते. म्हणजे पुनर्वापर हा टंचाईतला नाइलाज होता. टंचाई गेली की पुनर्वापर जातो. पण वाचायची सवय तेवढी ठेवा. पुढच्या वेळी कुणी एखादी आकृती पाठवली, तर पुढे पाठवण्याआधी तीनच गोष्टी विचारा. यांनी काय मोजलं? कशावर मोजलं? आणि जे मोजलं नाही, त्याने माझं उत्तर बदलेल का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तर फोन करायच्या आधी दुसरी आकृती बघा.